तीन इंचांचा अभिमान

गाडी उंच करून द्या, असं म्हणत कुणी गॅरेजात आलं की मी लगेच गाडीखाली वाकत नाही. आधी विचारतो, घरात म्हातारं माणूस कोण आहे आणि त्याचे गुडघे कसे आहेत. नवं गिऱ्हाईक चमकतं. आपण पाटे बसवायला आलोय की हाडांच्या डॉक्टरकडे, असा चेहरा करतं. जुनी गिऱ्हाइकं तिथंच चहा पीत बसलेली असतात, ती नव्याला समजावतात, "पाटिलदा विचारतोय तर सांगून टाक. त्याशिवाय तो पाना उचलायचा नाही."

या प्रश्नामागची हकिगत लिहून द्या, असं कोलकत्यातल्या आपल्या मराठी मंडळाच्या संपादकबाईंनी सांगितलं तेव्हा मला घाम फुटला. आपल्या अंकात बँकेतले साहेब लिहितात, न्यू टाउनच्या कंपन्यांतले लोक लिहितात. मी आठवीनंतर शाळा पाहिली नाही. बाईंना म्हटलं, माझं शुद्धलेखन फार वाईट आहे. त्या म्हणाल्या, "तुम्ही बोल्ट बघा, वेलांट्या मी बघते." त्या भरवशावर लिहितोय. तरी लिहिलेलं चारदा वाचलं. घट्ट केलेला नट पुन्हा पुन्हा हात लावून बघायची माझी खोड आहे, ती कागदावरही गेली नाही.

मी आटपाडीकडचा. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. माझे चुलते, अण्णा, बहूबाजारात गलाईचं काम करायचे. आठवी झाली आणि मी त्यांच्याबरोबर कोलकत्याला आलो. पण तेजाबाच्या वाफेनं मला खोकला लागला, तो काही केल्या जाईना. दुसऱ्या कुणी गावी परत पाठवलं असतं. अण्णा मला तोपसियाच्या एका गल्लीत निमाईदांच्या गॅरेजात घेऊन गेले. निमाईदा म्हणजे ओळखीतले बंगाली मिस्त्री, पाट्यांच्या कामात नावाजलेले. मला काय येतं हे त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, "खोकला थांबेपर्यंत इथं बस." ते बसणं वीसेक वर्षं चाललं. आज माझं स्वतःचं छोटं शेड आहे, पोरं शिकतायत, हे सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे. निमाईदा आता नाहीत आणि त्या गल्लीत फ्लॅट झालेत. तिथून जाताना अजून माझा हात कपाळाला जातो आणि वॉचमन माझ्याकडे संशयानं बघतो.

गॅरेजातले बाकीचे कारागीर बिहारचे, त्यामुळे दिवसभर हिंदी. घरी मराठी. बंगाली मला गिऱ्हाइकांच्या तोंडून जेवढी मिळाली तेवढीच. आणि बंगाली ही आपल्या माणसाला फसवणारी भाषा आहे, कारण तिच्यातले निम्मे शब्द आपले वाटतात. सुरुवातीला निमाईदा प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचे, "चेष्टा कोरबो." मला वाटायचं, एवढा भला माणूस, आणि आलेल्या माणसाला तोंडावर सांगतो की तुमची चेष्टा करणार. वर गिऱ्हाईक खूश होऊन जातंय. पुष्कळ दिवसांनी कळलं की त्यांच्यात चेष्टा म्हणजे प्रयत्न. तेव्हापासून मी अनोळखी शब्द विचारून घ्यायला लागलो. पण ओळखीचा शब्द कोण विचारतो? घोटाळा तिथंच होतो.

आता कामाविषयी थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पिकअप म्हणजे पुढं माणसांची केबिन आणि मागं मालाचा उघडा हौदा. बहुतेक पिकअपना पुढं गोल कॉइल स्प्रिंग असतात आणि मागं पाटे. पाटे म्हणजे पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या, एकीवर एक रचलेल्या. माल चढला की त्या सपाट होतात, उतरला की पुन्हा कमान धरतात. यांच्यावरच मी आयुष्य काढलं, म्हणून मंडळातले लोक मला पाट्यांचा पाटील म्हणतात.

गाडी उंच करायचे मार्ग तीन. पहिला, बाहेरून येणारा आख्खा संच, म्हणजे नवे स्प्रिंग, नवे पाटे, नवे शॉकर. काम देखणं होतं, पण मालाच्या गाडीवर पोट असलेल्या माणसाला तो परवडत नाही. दुसरा, पुढच्या स्प्रिंगवर जाड चकती टाकायची आणि मागं पाटे जिथं टांगलेले असतात तो दुवा, म्हणजे शॅकल, लांब बसवायचा. हे स्वस्तातलं. थोडक्यात ठेवलं तर चालतं, हाव केली की सांधे तिरके होतात, टायर एका बाजूनं झिजतात, आणि वाचवलेला पैसा टायरवाल्याकडे जातो. तिसरा मार्ग माझा आवडता. मागच्या पाट्यांत एक नवा पाटा वाढवायचा, पुढं पातळ चकती टाकायची, आणि गरजेपेक्षा केसभरही जास्त उचलायचं नाही.

गरज किती, इथं सगळी भांडणं. एकजण आला होता, त्याला त्याची गाडी मेहुण्याच्या गाडीपेक्षा उंच हवी होती, बाकी रस्त्याची काही तक्रार नव्हती. मी म्हटलं मेहुण्याची गाडी आणा, तिची हवा काढून देतो, काम फुकटात होईल. दुसऱ्यानं तर एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये साल झाडाच्या लाकडाचे ठोकळे घालून आणले होते. सुताराकडून करून घेतलेले, वर पॉलिश. ते मी आधी काढून टाकले. उतारावर ब्रेक मारल्यावर ते निसटले असते तर पुढची गोष्ट सांगायला तो राहिला नसता. तो मात्र ठोकळे परत मागत होता. लाकूड चांगलं होतं म्हणे.

मलयबाबू यांच्यातले नव्हते. ते आले तेव्हा मी अजून निमाईदांकडेच होतो. शांत, चाळिशीचा माणूस. दक्षिणेला आमतल्याच्या पलीकडे त्यांची रोपांची नर्सरी. तिथून पिकअपमध्ये कुंड्या भरून ते न्यू टाउनच्या मोठमोठ्या सोसायट्यांत विकायला जायचे. नर्सरीपासून डांबरी सडकेपर्यंत विटा आडव्या रचून केलेला रस्ता आहे. त्याचा मधला भाग उंच आणि चाकांच्या वाटा खोल गेलेल्या. ओल्या मातीच्या कुंड्यांनी हौदा भरला की गाडीचं पोट मधल्या विटांना घासायचं. त्यांनी मोबाइलवर कुठल्यातरी डोंगरातल्या उंच उंच पिकअप बघितल्या होत्या. म्हणाले, "तीन इंच उचलून द्या, पाटिलदा. आणि खिसा बघून."

मी खाली सरपटलो. सायलेन्सरचा पाइप घासून चकचकीत झाला होता आणि हौद्याखाली टांगलेली स्टेपनी विटांना लागत होती. बाहेर येऊन त्यांना सांगितलं की मागच्या एक्सलचा गोळा कितीही पाटे बदलले तरी वर जात नाही, तो चाकांवरच बसलेला असतो. उचलली जाते ती वरची गाडी. तुमचं घासतंय ते वरच्या गाडीचं, तेव्हा एक पाटा वाढवू, स्टेपनी वर हौद्यात केबिनच्या मागे उभी करू, आणि दोन इंचांत काम होईल. तिसरा इंच निव्वळ शोभेचा, शिवाय उद्या फिटनेसच्या तपासणीला गाडी नेलीत आणि कुणी शंका काढली तर मला झोप लागणार नाही. त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या शेजारच्या नर्सरीवाल्यानं तीन केलं होतं. विचार करून येतो म्हणाले आणि निघून गेले.

काही दिवसांनी परत आले, पण या खेपेला तोंड उतरलेलं. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "गाडी उंचू कोरबो शुने मायेर खूब अभिमान होयेछे, पाटिलदा."

गाडी उंच करणार हे ऐकून आईला फार अभिमान झालाय. एवढं स्वच्छ वाक्य. एकही शब्द अनोळखी नाही.

आता मी कसा माणूस आहे हे सांगायला हवं. गिऱ्हाईक भांडलं, रुसलं, दुसऱ्या गॅरेजात गेलं तरी मी इंचाचा अर्धा भाग वाढवून देत नाही. भीतीच तशी आहे. पण ते वाक्य ऐकलं आणि माझ्या डोळ्यांपुढं एक म्हातारी उभी राहिली, जी शेजारणींना सांगतेय की माझ्या मुलाची गाडी आता उंच होणार. आणि खरं सांगायचं तर त्या म्हातारीला माझ्या आईचं तोंड होतं. गावाकडे आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माजा थोरला कलकत्त्याला मिस्त्री हाय." जसं काही मी हावडा पूल बांधला.

मी म्हटलं, "आईला एवढा अभिमान आहे ना? मग तीन इंच. पण काम मी माझ्या पद्धतीनं करणार."

मलयबाबू माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, माणूस भरून आलाय.

काम मी जीव ओतून केलं. गाड्यांच्या सुट्या भागांच्या मल्लिकबाजारात फिरून चांगल्या पोलादाचा पाटा शोधला, पुढं जाड चकत्या टाकल्या, मागं थोडा लांब शॅकल. शॉकर लांब घेतले, ब्रेकची नळी ताणत नाही ना ते चाक पूर्ण लोंबकळतं ठेवून बघितलं, हेडलाइट खाली वळवले, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो. चाकांची दिशा जुळवली. पिकअप उभी राहिली ती अशी ऐटीत, की निमाईदा बाहेर येऊन तिच्याभोवती एक फेरी मारून गेले. त्यांची शाबासकी अशीच असायची. तिसऱ्या इंचाचं त्यांना दिसलं असणार, पण कारागिरानं हिशेबानं केलंय म्हटल्यावर ते मध्ये पडत नसत.

पाटे एक्सलला आवळून धरणारे जे यू-बोल्ट असतात, ते नवीन बसवले की गाडी थोडी पळाल्यावर एकदा पुन्हा आवळावे लागतात. त्यासाठी गिऱ्हाइकानं गॅरेजात यायचं असतं, आणि कुणीही येत नाही. मला राहवत नाही. म्हणून एका रविवारी पाना पिशवीत टाकून मीच आमतल्याच्या पुढं नर्सरीवर गेलो.

दारातच एक म्हातारी मोड्यावर, म्हणजे वेताच्या बुटक्या बैठकीवर, बसली होती. धुतलेली पांढरी साडी, केस विंचरलेले, मांडीवर पिशवी. कुठंतरी निघालेली बाई दिसते तशी. मलयबाबू तिकडं हौद्यात कुंड्या चढवत होते. त्यांनी ओळख करून दिली, ही आई. बंगाली लोक ओळखीतल्या घरच्या आईला माशिमा म्हणतात, मीही तसंच म्हणून पाया पडलो. मग माझ्या मोडक्या बंगालीत म्हटलं, "माशिमा, गाडीबद्दल तुम्हाला खूप अभिमान आहे असं ऐकलं."

"असणार नाही?" त्या म्हणाल्या. "तूच केलंस ना हे?"

मी हात जोडले. म्हटलं, "हो, माझ्याच हातचं आहे. तुमचा अभिमान असाच राहू दे."

माशिमांनी माझ्याकडे असं बघितलं, की तसं माझ्याकडे आजपर्यंत कुणी बघितलेलं नाही. मग मुलाकडे वळून विचारलं, "हा माणूस माझी थट्टा करतोय की याचं डोकं ठिकाणावर नाही?"

मलयबाबू हौद्यातून खाली उतरले. माशिमा उठल्या, माझं मनगट धरून मला पिकअपच्या डाव्या दाराशी नेलं. दार उघडलं. एक हात सीटवर टेकवला आणि पाय उचलायचा प्रयत्न केला. गुडघा अर्ध्यावर आला आणि थांबला. पुन्हा उचलला, पुन्हा तिथंच. चेहऱ्यावर वेदना दिसू दिली नाही. साडी सारखी केली आणि मला विचारलं,

"आमार जायगा कोथाय?"

माझी जागा कुठं आहे? याला बंगाली यावी लागत नाही.

मग सगळं कळलं, ते मलयबाबूंच्या तोंडून, त्या गाडीशीच उभ्यानं. वडील गेल्यावर आई घरात बसून बसून सुकायला लागली, म्हणून एकदा त्यांनी तिला डाव्या सीटवर बसवून बरोबर नेलं. तेव्हापासून ती तिची जागा झाली. कुठल्या बाल्कनीत गंधराज जगेल आणि कुठं नयनतारा लावलेली बरी, म्हणजे आपली सदाफुली, हे सोसायटीतल्या बायका मुलाला नाही, माशिमांना विचारायच्या. नाव, गाव, सुना, आजार, सगळ्या गप्पा त्या खिडकीतून. गाडी मुळातच त्यांना थोडी उंच पडायची, तरी जमवायच्या. आता तीन इंचांनी ती जागा दाराबाहेर मोड्यावर येऊन थांबली होती. माशिमा रोज तयार होऊन बसायच्या आणि गाडी गेली की पिशवी आत नेऊन ठेवायच्या.

मी म्हटलं, पण तुम्हीच तर म्हणालात, आईला अभिमान झालाय.

तेव्हा मलयबाबू आधी गोंधळले आणि मग कपाळाला हात लावून तिथल्याच एका उलट्या कुंडीवर बसले. त्यांच्या भाषेत अभिमान म्हणजे गर्व नाही. आपल्या माणसानं आपल्याला विचारलं नाही, हिशेबात धरलं नाही, की मनात जे साठतं ते. तक्रार करायची नाही, भांडायचं नाही, फक्त गप्प व्हायचं. आपल्याकडं त्याला रुसवा म्हणता येईल, पण रुसवा पोरांचा वाटतो. आणि मलयबाबू म्हणाले, हा परक्यावर करता येत नाही. जिथं हक्क आहे तिथंच होतो.

"मी तुम्हाला ते का सांगितलं माहीत आहे?" ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही म्हणाल की मग तीन नको. मी घरी जाऊन सांगितलं असतं, मिस्त्री नाही म्हणतो. माझाही मान राहिला असता. तर तुम्ही म्हणालात, एवढा अभिमान आहे तर तीनच करू. मला वाटलं, काय निर्दयी माणूस आहे. पण तीन मीच मागितले होते, आता नको कसं म्हणू?"

आणि मग ते हसायला लागले. मला हसू येईना. बोल्ट चुकला तर खोलता येतो. शब्द चुकला होता आणि त्यावर म्हातारीच्या घरचे रिकामे दिवस गेले होते.

मलयबाबूंनी आधीच एक प्लास्टिकचं स्टूल आणलं होतं. ते तसंच पडून होतं. माशिमा त्याला पाय लावायला तयार नव्हत्या. "सोसायटीच्या फाटकात, चार लोकांसमोर, मुलगा स्टूल मांडणार आणि मी चढणार? मी कुंडी आहे का, उचलून ठेवायला?" असं त्यांनी मला ठणकावलं. मी मनात म्हटलं, हा मात्र आपला मराठी अभिमान. तो यांच्यापाशी आहेच, यांनी त्याला दुसरं नाव ठेवलंय एवढंच.

मी पाना पिशवीतच ठेवला आणि टेप बाहेर काढली. गाडीला लावली नाही. माशिमांना म्हटलं, तुम्ही तुमच्या घरात शिरा बरं, रोजच्यासारख्या. त्यांना वाटलं असणार डोकं खरंच ठिकाणावर नाही. पण शिरल्या. ओसरीला एक पायरी होती. डाव्या हातानं खांब धरायचा, उजवा पाय आधी, मग क्षणभर थांबून दुसरा. दोनदा चढायला लावलं. पायरी किती उंच, हात खांबाला किती उंचीवर पडतो, पाय कुठं टेकतो, एवढं मोजून घेतलं आणि पिकअप गॅरेजात मागवली.

तिसरा इंच काढला. पुढं पातळ चकती, मागं शॅकल जुना. नवा पाटा राहिला, त्यामुळे भरलेली गाडी बसेना झाली आणि सायलेन्सर विटांना लागेना. स्टेपनी वर गेलीच होती. मुळात मी जे सांगितलं होतं त्यावरच आम्ही परत आलो, फक्त वळसा घालून. आता पायरी. ती ओसरीच्या पायरीएवढी खाली हवी होती, नाहीतर उपयोग नाही. पण इतकी खाली घट्ट लोखंडी पायरी लावली तर विटांच्या त्या रस्त्यावर पहिल्याच दिवशी आपटून वाकणार. दोन दिवस सुचेना. निमाईदांच्या हाताखाली नवा असताना गोदीतल्या ट्रकांच्या कामाला मी खिदिरपूरला पुष्कळदा जायचो. तिथं मोठे पेटारे, म्हणजे कंटेनर, उचलणारी यंत्रं असतात. त्यांच्यावर चढायच्या शिडीची सगळ्यात खालची पायरी लोखंडात नसते, जाड रबरी पट्ट्यांना टांगलेली असते. कशाला आदळली तर मागं झुलते आणि पुन्हा जागेवर येते. हे आठवलं आणि मी चहा तसाच ठेवून उठलो.

तशी पायरी केली. दोन्ही बाजूंना पट्ट्याचं रबर, मध्ये खरखरीत पत्रा, पाय घसरू नये म्हणून. दाराच्या खांबाला, ओसरीच्या खांबावर हात पडायचा त्याच उंचीवर, एक मूठ. निमाईदा बघत होते. म्हणाले, "पाटील, आज पहिल्यांदा गाडीला माणसाच्या मापानं शिवलंस."

माशिमा चढल्या तेव्हा मी दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिलो, बघितलेलं त्यांना आवडलं नसतं. डावा हात, उजवा पाय, क्षणभर थांबणं, दुसरा पाय. दार लागल्याचा आवाज आला. मग खिडकीतून हाक. गेलो तर पिशवीतून एक सदाफुलीचं रोप काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "अभिमान गेला. आता राग आहे, पण तो उतरेल."

त्या रविवारी आईला फोन केला. दर रविवारी करायचो. कित्येक वर्षं सांगत होतो की पुढच्या दिवाळीनंतर तुला कलकत्ता दाखवतो. कधी जिना उंच म्हणून, कधी काम म्हणून, कधी पोरांच्या परीक्षा म्हणून राहून जायचं. पहिल्यांदा ती विचारायची. नंतर विचारेनाशी झाली, आणि मी समजलो की तिला तिथंच बरं वाटतंय. त्या दिवशी मी तिला ही सगळी हकिगत सांगितली, हसवायला म्हणून. चेष्टेची, माशिमांची, मी हात जोडले त्याची. ती हसली.

मग आई म्हणाली, "म्हंजी माजा बी तसलाच अभिमान म्हणायचा की रं."

त्याच आठवड्यात तिकिटं काढली. धाकटा भाऊ तिला घेऊन आला. जिना खरंच उंच होता. ती प्रत्येक मजल्यावर बसली, प्रत्येक दारातल्या बाईशी मराठीत बोलली आणि वर आली. मी उगाच इतकी वर्षं तो जिना मनात चढत होतो.

आता आई आणि माशिमा दोघीही नाहीत. पिकअप जुनी झाली, मलयबाबूंनी दुसरी घेतली. नवी गाडी माझ्याकडं आणली तेव्हा पायरी जुन्या गाडीवरून काढून आणली होती. आता कोण चढणार आहे, असं मी विचारलं नाही. बसवून दिली.

पण मला शेवटी सांगायचं आहे ते वेगळं. आई आल्याचं कळलं तसं माशिमांनी निरोप पाठवला, तिला नर्सरी दाखवायला आण, गाडी पाठवते. सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिकअप येऊन उभी राहिली, आत मलयबाबू आणि त्यांच्याशेजारी मध्ये सरकून बसलेल्या माशिमा. आईनं लुगडं आवरलं, मूठ धरली, पायरीवर पाय ठेवला. पायरी झुलली. आई थबकली.

"हलतीया की रं ही."

"हलू दे आई. हलते म्हणून तर मोडत नाही."

आतून माशिमांनी हात पुढं केला. आईनं तो धरला आणि चढली. दार लावलं. दोघी शेजारी शेजारी बसल्या आणि एक मराठीत, दुसरी बंगालीत, एकदमच बोलायला लागल्या. कुणीच कुणासाठी थांबत नव्हतं. मी दाराबाहेर उभा. केबिनमध्ये तीनच माणसं मावतात. मी खिडकीतून वाकून गमतीनं विचारलं, "माशिमा, आमार जायगा कोथाय?"

त्यांनी बोलणं थांबवलं नाही, माझ्याकडं वळूनही बघितलं नाही. अंगठा खांद्यावरून मागं दाखवला. हौद्यात.

मी मागं जाऊन कुंड्यांमध्ये बसलो. गाडी निघाली. पाटे जराही करकरले नाहीत.